सहा मिनिटांची नोंद

"थांबू नका काकू! अजून दीड मिनिट आहे. हळू चाला, पण चाला!"

अहिल्याबाई थांबल्या होत्या. खरं तर पायच थांबले होते, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. एका हाताने त्यांनी भिंतीचा कठडा धरला, नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि मांड्यांची थरथर कमी होण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. त्रेपन्नाव्या वर्षी सपाट जमिनीवर चालता येऊ नये, आणि तेही चार लोकांदेखत! तेवढ्यात मागून यजमान मुरलीधरराव लगबगीने आले. त्यांच्या हातात निळं प्लास्टिकचं स्टूल होतं. गेले कित्येक महिने ते स्टूल बाईंच्या मागे मागे फिरत होतं.

"बस, बस. झालं तेवढं पुष्कळ झालं," ते म्हणाले, आणि बाई बसल्या.

गुडगावातल्या एका खाजगी रुग्णालयाचा हा तिसरा मजला. तीस मीटरचा कॉरिडॉर आणि दोन टोकांना दोन नारिंगी शंकू. फुप्फुस बदलण्याच्या यादीत ज्यांचं नाव आहे त्यांनी मधूनमधून इथे यायचं आणि या शंकूपासून त्या शंकूपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. सहा मिनिटांत किती मीटर चाललात ते मोजतात. इथला नियम असा की आकडा अडीचशेच्या खाली गेला की यादीतलं नाव थांबवायचं. मग तुमच्या मापाची फुप्फुसं आली तरी फोन दुसऱ्याच्या घरी जाणार.

देवयानीने घड्याळ बंद केलं आणि टेप लावून मोजलं. ही इथली फिजिओथेरपिस्ट. मूळची अकोल्याची, दिल्लीतल्या मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणारी. पहिल्याच दिवशी कागदावरचं आडनाव वाचून ती 'काकू' म्हणायला लागली होती.

"एकशे एकतीस," ती म्हणाली आणि पुन्हा एकदा टेपकडे बघितलं. "काकू, ऑगस्टमध्ये तुम्ही दोनशे सत्तर चालला होता. हे कसं काय झालं? डायरीत तर रोज चाळीस मिनिटं चालणं आहे. खुर्चीतून वीस वेळा उठणं-बसणं आहे. मी तर डॉक्टर सरांना तुमचं उदाहरण दिलं होतं!"

अहिल्याबाईंना आधी कळेचना. चाळीस मिनिटं? कोण चाललं चाळीस मिनिटं? त्यांनी हात पुढे केला. देवयानीने डायरी दिली. मुरलीधररावांनी भिंतीवरच्या आग विझवण्याच्या नळकांड्याकडे टक लावली, जणू त्यावरच्या सूचना आजच पाठ करायच्या होत्या.

अक्षर मुरलीधररावांचंच होतं. उभं, टपोरं, मंत्रालयातल्या फायलीवर टिपणी लिहिण्याचं. 'दि. १४ डिसेंबर. चालणे : ४० मि. उठबस : २०. श्वास : ठीक. उत्साह : चांगला.' चौदा डिसेंबर बाईंना चांगली आठवत होती. त्या दिवशी त्या पलंगावरून फक्त संडासाला उठल्या होत्या. दुपारी ह्याच गृहस्थांनी चमच्याने नाचणीची खीर भरवली होती आणि म्हणाले होते, "आज राहू दे व्यायाम. उद्या बघू." पुढचं पान. त्याच्या पुढचं पान. सगळीकडे चाळीस मिनिटं, आणि उत्साह चांगला. असे बारा आठवडे.

नोव्हेंबरात दिल्ली धुराने भरली तेव्हा रुग्णालयानेच सांगितलं होतं, की रोज इतक्या लांब येऊ नका, घरातल्या घरात व्यायाम करा, डायरी लिहा, आणि दर शनिवारी पानाचा फोटो पाठवा. पहिल्या आठवड्यात बाईंचा हात फार कापायला लागला म्हणून त्यांनी पेन नवऱ्याकडे दिलं होतं. जे झालं ते लिहितील, नाही झालं तर 'नाही' लिहितील, यापलीकडे त्यांच्या मनात काही आलंही नव्हतं.

ओरडावं, डायरी भिंतीवर फेकावी, असं त्यांना वाटलं. पण चिडायलाही हवा लागते आणि ती त्यांच्याकडे नव्हती. तोंडातून दोनच शब्द निघाले.

"खोटं... आहे."

देवयानीचा चेहरा उतरला. "म्हणजे?"

"सगळं."

ती पोरगी सरांशी बोलून आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. तिची चांगलीच हजेरी घेतलेली दिसत होती. फोटोंवर विसंबून पेशंटला तीन महिने बोलावलं नाही, ही तिचीही चूक होतीच.

"नाव थांबवलंय काकू. सहा आठवड्यांनी पुन्हा टेस्ट. तेव्हा अडीचशे झाले तर परत चालू." मग ती मुरलीधररावांकडे वळली. "काका, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना? फुप्फुसं दुसऱ्याची मिळतील, पाय काकूंचेच लागणार. ऑपरेशननंतर तीन-चार दिवसांत उभं करतात. पायांत जोर नसला तर ती नवी फुप्फुसं छातीत बसून काय करतील? आणि ती कुणाची तरी असतात हो. वाया गेली तर कोण जबाबदार?"

मुरलीधरराव मान खाली घालून म्हणाले, "बिल्कुल बरोबर आहे, बेटा."

टॅक्सी हायवेला लागली. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती. एक्क्याण्णव साली बाई लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा इथे मोहरीची शेतं होती. देशाने दारं उघडली म्हणतात, ती त्याच साली. आता त्यातल्या एका इमारतीत त्यांचा यतीन सतराव्या मजल्यावर राहत होता आणि फोनवर रोज सांगत होता, "आई, तू फक्त आराम कर." जो तो आराम कर म्हणत होता. त्या आरामाने पायांची पार काडी झाली होती!

"बोल तरी काहीतरी," मुरलीधरराव म्हणाले.

"का... लिहिलंत?"

"दहा पावलं चाललीस की तुझे ओठ निळे पडायचे, अहिल्या. मला ते बघवायचं नाही. म्हणून म्हणायचो, राहू दे. आणि रेकॉर्डमध्ये गॅप दिसला असता तर तुझं नाव कापलं असतं. फाइल पूर्ण असली की कुणी प्रश्न विचारत नाही. तीस वर्षं हेच बघतोय मी."

"मी... फाइल... नाही."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच—"

"माझ्या... डायरीत." बाईंनी डोळे मिटले आणि ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकर सोडली, चहा गार करावा तशी. देवयानीने शिकवलेला तो श्वास होता. तीनदा तसं केलं तेव्हा पुढचं बोलायला हवा मिळाली. "डायरीत... खोटं... लिहिलंत. मला... विचारता... लिहिलंत... नाही." शब्दसुद्धा उलटेपालटे झाले. रागाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

यात 'डायरी' हा शब्द का बोचला, ते मुरलीधररावांना चांगलं ठाऊक होतं. अहिल्याबाईंची जवळजवळ सगळी नोकरी एका मंत्रालयाच्या डायरी सेक्शनमध्ये गेली होती. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. त्या त्याला नंबर द्यायच्या, तारीख घालायच्या, रजिस्टरात चढवायच्या. संध्याकाळी साडेपाचला शेवटच्या नोंदीखाली लाल शाईने एक रेघ ओढायच्या. रेघेच्या वर मग कुणाचा बाप आला तरी काही घुसडता यायचं नाही.

एकदा एक साहेब आले होते. कागद दोन दिवस उशिरा आला होता, तो परवाच्या तारखेला चढवा म्हणाले. बाई म्हणाल्या, "सर, लाइन खिंच गई है." साहेब आधी हसले, मग गोड बोलले, मग चिडले. बाईंनी रजिस्टर मिटून त्यावर हात ठेवला. महिन्याभरात त्यांची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. तीन वर्षं त्या जुन्या फायलींच्या धुळीत बसल्या. पुढे फुप्फुसं घासणीसारखी वाळायला लागली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, धुळीत काम केलंय का? हो म्हटल्यावर म्हणाले, त्यानेच झालं असं सांगता येत नाही. त्यानेच झालं नाही असंही सांगता येत नाही. वा रे वा! एवढं शिकून एवढंच सांगता येतं.

आणि त्या बाईच्या नावाने, तिच्याच आजाराची, तिच्याच घरात बारा आठवडे खोटी डायरी!

पण खरा राग आणखी एका माणसावर होता आणि आर. के. पुरमचं घर येईपर्यंत त्यांनी तोही कबूल केला. तीन महिन्यांत त्यांनी स्वतः एकदाही डायरी बघायला मागितली नव्हती. 'राहू दे' म्हटलं की बरं वाटायचं. खीर भरवलेली आवडायची. जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या बाईने स्वतःचा कागद उघडून बघू नये!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डायरी आणि पेन उशाशी घेतलं. जुन्या सगळ्या पानांवर एक तिरपी रेघ मारली. नव्या पानावर कापऱ्या अक्षरात लिहिलं, 'दि. १ फेब्रुवारी. स्वयंपाकघर ते दार, दोन वेळा. धाप फार लागली. उत्साह नाही.' खाली लाल रेघ.

मुरलीधररावांना त्यांनी एक काम दिलं. बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र धरायचं आणि आकडा वाचायचा. पंच्याऐंशीच्या खाली गेला तर 'थांब' म्हणायचं. इतर वेळी तोंडाला कुलूप.

"आणि 'बस' म्हणायचं... नाही."

"नाही म्हणणार."

"स्टूल... माळ्यावर."

दहा दिवसांनी त्या जिना उतरल्या. अठरा पायऱ्या, मध्ये चार वेळा थांबून. सिलेंडरची ट्रॉली मुरलीधररावांनी उतरवली. क्वार्टर्सच्या गल्लीत फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. दुधाच्या बूथपर्यंत जायचं ठरलं. पुढे बाई, मागे ट्रॉली ओढणारा नवरा, आणि दोघांच्या मध्ये ती नळी.

गल्लीला काय, तमाशाच मिळाला. समोरच्या ब्लॉकमधल्या कुसुमावती, मूळच्या आंध्रच्या, गच्चीतून ओरडल्या, "अरे भाईसाब, शरम करो! बीमार औरत को ऐसे चलाते हैं क्या?" भाजीवाल्याने मान हलवली. पेन्शनर मंडळींनी वर्तमानपत्रं खाली घेतली. मुरलीधररावांचा चेहरा कसनुसा झाला. बायकोला पाणीसुद्धा स्वतः पिऊ न देणारा माणूस, आणि कॉलनीत त्याचं नाव झालं कसाई! बाईंनी खुलासा केला नाही. होऊ दे नाव, असं त्यांना स्पष्ट वाटलं. चार दिवस त्यांनी तसंच होऊ दिलं.

पाचव्या दिवशी कुसुमावती खाली उतरून थेट आडव्याच आल्या. हातात झाकलेलं पातेलं. "भाभीजी, आप लेट जाइए. मैं सब घर पे भेजूँगी."

बाई थांबल्या. तीनदा फुंकर सोडली. "ये... नहीं चला रहे. मैं... चल रही हूँ." पुन्हा फुंकर. "सबने... लिटा लिटा के... मार डाला मुझे. रास्ता... छोड़िए."

कुसुमावती पातेल्यासकट बाजूला झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या गच्चीतून काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहायच्या.

तिसऱ्या आठवड्यात मुरलीधररावांनी दगा दिलाच. एका सकाळी ट्रॉलीच्या दांड्याला ते निळं स्टूल अडकवलेलं होतं. बाईंना बूथाच्या अलीकडे दिसलं.

"हे... काय?"

"असू दे गं. लागलंच तर."

"आकडा... किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मग?"

"मला भीती वाटते," मुरलीधरराव एकदम म्हणाले, तेही भर रस्त्यात. "तू अशी पुढे चालतेस ना, तेव्हा मला सारखं वाटतं, आता पडेल. आत्ता पडेल. माझ्याच्याने नाही होत, यार."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. माणूस सहा महिन्यांत किती वाळला होता, कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. तरी राग गेला नाही. थोडा खाली बसला, इतकंच. त्यांनी स्टूल काढलं, रस्त्याच्या कडेला सावरीच्या झाडाखाली ठेवलं.

"तुम्ही... बसा."

"मी?"

"बसा. दमलात." आणि ट्रॉलीचा दांडा त्यांच्या हातातून घेऊन बाई स्वतः ती ओढत निघाल्या. चाकं खडबडली. बूथापर्यंत चाळीस पावलं होती. मुरलीधरराव स्टुलावर बसून बघत राहिले आणि त्यांच्या तोंडून 'बस' निघालं नाही. त्या रात्रीच्या जेवणाआधी डायरीत नोंद पडली, 'झाड ते बूथ, ट्रॉली स्वतः. एकटी.'

मार्चच्या मधल्या आठवड्यात ते पुन्हा तिसऱ्या मजल्यावर उभे होते. तोच कॉरिडॉर, तेच शंकू. स्टूल घरी होतं. शुक्रवारी डॉक्टरांची कमिटी बसणार होती आणि तिथे आजचा आकडा जाणार होता.

"तयार काकू? चला."

पहिली येरझार सोपी गेली. तिसरीपासून छातीत लोखंडी पट्टा आवळायला लागला. बाईंनी शंकूकडे बघायचं सोडून दिलं, जमिनीच्या फरशा बघत राहिल्या. पाचव्या वळणावर डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. मुरलीधरराव शेजारून चालत आकडे सांगत होते. "एकोणनव्वद. सत्त्याऐंशी. शहाऐंशी. शहाऐंशीच आहे, चल." चल म्हणाले ते! मांड्या जळत होत्या पण लटपटत नव्हत्या. सातवं वळण झालं. समोर शंकू जवळ जवळ येत होता.

"टाइम! तिथंच थांबा काकू."

शंकू दोन मीटरवर राहिला. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. देवयानीने टेप लावला, गणित केलं, पुन्हा केलं.

"दोनशे अडतीस."

बाईंच्या श्वासाचा तेवढा आवाज येत होता. देवयानीने कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. कुणी नव्हतं. ती जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, बाराच मीटर आहेत. मी दोनशे बावन्न लिहिते. कोण मोजायला येणार आहे? तुम्ही एवढं केलंत..." तिचे डोळे भरले होते. ह्याच डायरीपायी जानेवारीत बोलणी खाल्लेली ही पोर. आज परत खायला तयार होती.

अहिल्याबाईंना बोलायचं होतं, पण हवाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर काय बोलायचं तेही नक्की नव्हतं. 'लिही' म्हणावं असं त्यांना वाटलं, अगदी आतून वाटलं. जगायचं होतं त्यांना, त्यात लाज कसली! साहेबासमोर रजिस्टरवर हात ठेवताना फार तर नोकरी गेली असती. इथे जीवच जाणार होता. त्यांनी मुरलीधररावांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, 'लिही, लिही' असं त्यांचं सगळं अंग म्हणत होतं.

"नको, बेटा," मुरलीधरराव म्हणाले. "दोनशे अडतीसच लिही."

"काका, कमिटीने नाही म्हटलं तर?"

"तर नाही. पण पायांत जोर किती आहे ते त्यांना खरं कळू दे. मी एकदा लपवलं, त्यात तिचे तीन महिने गेले." मग ते म्हणाले, "आणि शेजारी रिमार्क लिही. जानेवारीत एकशे एकतीस होते. सहा आठवड्यांत एकशे सात मीटर वाढले. तेही खरंच आहे ना? मग तेही चढव. ठळक अक्षरात चढव."

देवयानीने डोळे पुसले आणि फॉर्मवर तसं लिहिलं.

अहिल्याबाईंनी हात पुढे केला. मुरलीधररावांनी पिशवीतून डायरी काढली, लाल पेन काढलं. पान उघडून त्यांनी डायरी दोन्ही हातांवर धरली, बाईंना टेबल मिळावं म्हणून. बाईंनी लिहिलं, 'दि. १५ मार्च. सहा मिनिटे. २३८ मी.' खाली रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

मग त्यांनी पाठ भिंतीपासून सोडवली, ट्रॉलीचा दांडा धरला, आणि शंकूपर्यंतचे राहिलेले दोन मीटर चालून गेल्या. घड्याळ बंदच होतं.